पायऱ्यांवरची पारख

"रिंग काय खाली घ्यायची का हिच्यासाठी? बास्केटबॉलमधी सवलत नसती म्हणावं."

खताच्या दुकानाचे शेठ बोलले आणि पायऱ्यांवर हशा पिकला. दातांच्या डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. आमच्या क्लासच्या संचालकांच्या तोंडात चहा होता, त्यांना ठसका लागला.

मीही हसलो.

ती पोरगी अजून ऐकू येईल एवढ्याच अंतरावर होती. पाण्याची बाटली घेऊन कोर्टाकडं परत चालली होती. थांबली नाही. मान वळवली नाही. बाटलीचं झाकण लावताना तिचा हात जरासा अडला, मग तिनं ते घट्ट पिळून लावलं.

ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी. सख्ख्या भावाची.

पायऱ्यांवर हे कुणाला माहीत नव्हतं. माहीत होऊ नये याची तजवीज मीच केली होती.

लातूरला उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलींची स्पर्धा भरते. सिमेंटचं मैदान, खांबांवरचे मोठे दिवे, एका बाजूला पायऱ्या. वरच्या पायऱ्या आम्हा जुन्या शौकिनांच्या. तिथं दुसरं कुणी बसत नाही. खेळाडू ओळखण्याची आम्हाला भारी हौस. एखादी नवी पोरगी चमकली की तिच्या मॅनेजरला सांगून तिला पायऱ्यांपाशी बोलवायचं. पंजा पसरून दाखव. टाचा टेकवून सरळ उभी राहा. बूट कितव्या नंबरचा? आईची उंची किती, बापाची किती? याला आम्ही पारख म्हणायचो. डॉक्टर म्हणायचे, "देवणी वळू घेताना त्याचा बाप बघतेत, आजा बघतेत. हे बी तसंच." पोरी ओशाळून उत्तरं द्यायच्या आणि पळायच्या.

नुसती करमणूक नव्हती ती. आमचे संचालक दर वर्षी एका मुलीला उचलायचे. अकरावी-बारावीचा क्लास फुकट, होस्टेल फुकट, मेस, बूट, सगळं. बदल्यात क्लासच्या फलकावर तिचा फोटो. कोणाला उचलायचं ते पायऱ्यांवर ठरायचं, आणि शेवटचं मत माझं घ्यायचे. कारण पायऱ्यांवरच्या लोकांत संघातून खेळलेला मी एकटाच. आणि मी त्यांच्याच क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो.

तर त्या संध्याकाळी माझ्या पुतणीला बोलावलं.

"गाव?"

"नांदेड. मूळचं बिलोलीकडलं."

"नांदेडात कुठं राहता?"

तिनं रेल्वेपलीकडच्या वस्तीचं नाव सांगितलं. शेठनी डॉक्टरांकडं बघितलं.

"वडील?"

"सेंट्रिंगचं काम करतेत."

"आडनाव?"

तिनं सांगितलं. ते आडनाव मराठवाड्यात निदान चार जातींत सापडतं. पण वस्तीचं नाव आधी येऊन बसलं होतं. पुढं कुणी काही विचारलं नाही. "दात चांगले हायेत," डॉक्टर म्हणाले आणि हातानंच जा म्हणाले. मग शेठ ते रिंगचं बोलले.

उत्तरं देताना तिची नजर एकदा माझ्यावरून गेली. भिंतीवरून जावी तशी. पापणीसुद्धा हलली नाही.

मीच शिकवलं होतं तिला ते. स्पर्धेच्या आधी भावाला फोन केला, म्हणालो तिला दे. तिला म्हणालो, "मैदानावर मला ओळख दाखवू नको बेटा. लोक म्हणतील काकाच्या वशिल्यानं आली."

ती म्हणाली, "हाव काका."

वशिल्याचं कारण खोटं होतं आणि ते तिला कळलं होतं. दहावीची परीक्षा दिलेल्या पोरीला एवढं कळतं. आपला काका लातुरात कोण म्हणून राहतो, हेही तिला आमच्या घरातल्या कुजबुजीतून कधीच कळलेलं असणार.

सांगतो. आता सांगायलाच बसलोय.

मी एम.एस्सी. झालो आणि राजपत्रात आडनाव बदलून घेतलं. गावाच्या नावापुढं 'कर'. घराण्याचं आडनाव भावाकडं राहिलं. लातूरला क्लासमध्ये नोकरी मागायला गेलो तेव्हा संचालकांनी माझं आडनाव वाचलं आणि खूश होऊन म्हणाले, "अरे, माझ्या मावशीचं गाव! म्हणजे आपल्यातलेच की तुम्ही." मी हसलो. खोटं बोललो नाही. त्यांचं चुकलं होतं, ते मी दुरुस्त केलं नाही. एकदा केलं नाही की दुसऱ्यांदा करायला जीभ वळत नाही. मग त्यांच्या घरच्या लग्नात पंगतीला बसलो. शेठच्या वास्तुशांतीला गेलो. 'त्यांच्या', म्हणजे माझ्याच, लोकांवरचे विनोद ऐकले. आधी गप्प बसून ऐकले, पुढं हसून ऐकले. घरातली बुद्धाची मूर्ती समोरच्या खोलीतून आतल्या खोलीत गेली, तिथून कपाटात.

हे कुठून आलं माझ्यात, त्याचाही शोध मी घेतलाय. सबब म्हणून सांगत नाही.

मी अकरावीत होतो. नांदेडच्या मैदानावर फायनल होती आणि सगळ्यात जास्त पॉइंट माझे होते. तिथंही पायऱ्या होत्या, तिथंही शौकीन होते. त्यांच्यात एक कापडाचे व्यापारी होते. जिंकलेल्या संघाला ते आपल्या दुकानातले फेटे बांधायचे, स्वतःच्या हातानं. एकेका पोराची हनुवटी धरायचे, डोकं हलवून सरळ करायचे, तुरा काढायचे, शेवटी पाठीवर थाप. रांगेत माझ्यापाशी आले. थांबले. मागच्या नोकराकडून घडी घातलेला फेटा घेतला, पिशवीत टाकला आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"घरी जाऊन बांध बाबा. तुला बापाच्या हातचा शोभंल."

किती गोड आवाज होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोत सगळ्यांच्या डोक्यावर केशरी फेटे आहेत आणि मधे माझं उघडं डोकं, हातात पिशवी.

माझा बाप रेल्वेत गँगमन होता. त्याला फेटा बांधता येत नव्हता.

या अपमानातून माणूस पेटून उठतो म्हणतात. मी उठलो नाही. मी त्यातून एक हिशेबी धडा घेतला. आपण कोण ते कळलं नाही तर फेटा डोक्यावर बसतो. त्या धड्यावर मी आजवर जगलो.

दुसऱ्या दिवशी फायनल. नांदेड विरुद्ध लातूर. अख्ख्या पायऱ्या लातूरच्या बाजूनं ओरडत होत्या. मी पण.

पहिल्या क्वार्टरला शेठनी सांगून टाकलं, "ह्या पोरीला डावा हातच न्हाई. डावीकडं ढकला गं तिला!"

लातूरच्या पोरींनी ढकललं. ती डावीकडून घुसली आणि डाव्या हातानंच बोर्डाला लावून चेंडू आत टाकला.

"आयला."

"चुकून पडला ओ."

पुढच्या वेळी पुन्हा डाव्यानं. डॉक्टर पुढं सरकून बसले. "चेंडूकडं बघतच न्हाई पोरगी. चेंडू खाली, मान वर. हे कुणी शिकवलं हिला?"

मला माहीत होतं कुणी शिकवलं. भावानं. मी भावाला शिकवलं होतं, त्याच नांदेडच्या मैदानावर. मान खाली घालून खेळायचं नाही म्हणून त्याच्या डोळ्यांखाली पुठ्ठा बांधायचो, चेंडू दिसूच नये म्हणून. तो पुठ्ठा त्यानं पोरीला बांधला असणार. पायऱ्यांवर बसून मी एवढंच म्हणालो, "जन्मजात असतं काहींचं."

"दम तुटंल बघा तिसऱ्यात," शेठ म्हणाले. "ह्यांचं असंच ऱ्हातंय. आधी वाघ, मागून शेळी."

तिसऱ्यात दम तुटला नाही. चौथ्यात लातूरकडून सेंटरला खेळणाऱ्या उंच पोरीचं कोपर तिच्या ओठावर बसलं. रक्त आलं. तिनं बाहीनं पुसलं आणि फ्री थ्रोच्या रेषेवर उभी राहिली. पायऱ्यांवरून शिट्ट्या, आरडाओरडा. दोन्ही चेंडू जाळीतून सरळ खाली. आता बरोबरी. शेवटी चेंडू तिच्याकडंच होता. अख्खं मैदान तिच्याकडं बघत होतं, तिघी तिच्या अंगावर धावल्या. कोणीही असतं तर उडी मारून स्वतः टाकला असता. तिनं उडी मारली आणि हवेतूनच चेंडू मागं सोडला. मागं त्यांचीच एक बुटकी पोरगी मोकळी उभी होती. तिनं आरामात टाकला. नांदेड जिंकलं.

डॉक्टर हळूच म्हणाले, "डोकं हाय ओ पोरीला."

आणि त्या डोक्यावरूनच सगळं उलटलं.

"न्हाई न्हाई," शेठ म्हणाले. "ही त्यांच्यातली नसणार."

"पण वस्ती?"

"परिस्थिती माणसाला कुठं बी न्हेती. भाड्यानं ऱ्हात असतेल. आडनाव तर आपल्यात बी हाय की. माझ्या साडूचं हेच हाय."

"चेहऱ्यावरच दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "काल उजेड नव्हता नीट."

त्याच खांबांखाली, त्याच दिव्यांखाली काल ती उभी होती. पण पारख चुकली असं कुणाला वाटलं नाही. पोरगी चांगली निघाली, म्हणजे तिची जातच वेगळी असणार. काल खाली ढकललं तीही पारख आणि आज उचलत होते तीही पारखच.

संचालक माझ्याकडं वळले. त्यांचे डोळे चमकत होते. "सर, तुम्ही तिकडलेच. तुम्हाला ठाव असंल. हे घराणं कोणतं? आपल्यातलंच ना? तसं असंल तर आत्ताच मॅनेजरला सांगून टाकतो. पोरगी सोनं हाय."

मला फक्त मान हलवायची होती.

मान हलली असती तर तिला होस्टेल मिळालं असतं. रोज पोटभर जेवण, चांगले बूट, फुकट क्लास. माझ्या गप्प बसण्यानं पहिल्यांदाच माझ्याच माणसाचं भलं झालं असतं. मान हलवायला किती सोपी होती हे मी सांगू शकत नाही. हलायलाच लागली होती.

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं क्लासचं ऑफिस आलं. एकदा भाऊ नांदेडहून आईनं दिलेला डबा घेऊन थेट क्लासवर आला होता. कपड्यांवर सिमेंट. शिपायानं मला विचारलं, "सर, कोण आलाय हा?" मी म्हणालो, "गावाकडचा गडी हाय. बसव बाहेर." भाऊ दारातच उभा होता. त्यानं ऐकलं. बाकावर बसला, डबा ठेवला, "येतो सर" म्हणाला आणि गेला.

सर म्हणाला. सख्खा भाऊ.

आता हीच पोरगी त्या होस्टेलच्या फाटकात उभी राहील. रविवारी बाप भेटायला येईल, कपड्यांवर सिमेंट. वॉर्डन विचारेल, कोण आलाय? आणि तिला माझं उत्तर द्यावं लागेल.

"माझ्या भावाची मुलगी आहे ती," मी म्हणालो.

"कोण?"

"तीच. सख्ख्या भावाची. आम्ही बौद्ध आहोत. रेल्वेपलीकडच्या वस्तीतलेच. काल तुम्ही हिला ओळखूनच हसलात, शेठ. मी पण हसलो, तिला ओळखून."

शेठ म्हणाले, "मस्करी करायलात का सर?"

माझा चेहरा बघून त्यांना कळलं. त्यांनी मांडीवरची चिवड्याची पुडी उचलली आणि दुसऱ्या बाजूला ठेवली. मुद्दाम केलं असं नाही. हात आपोआप गेला. तो आपोआप गेलेला हात मी विसरणार नाही.

"आमच्या पंगतीला जेवलात की तुम्ही," ते म्हणाले. आवाजात राग कमी, फसवल्याचं दुःख जास्त.

"अहो आम्ही कुठं मानतो," डॉक्टर घाईनं म्हणाले. "माझा कंपाउंडरच तुमच्यातला हाय. विचारा त्याला."

संचालक माझ्याकडं बघत राहिले. "पण वाटत न्हाई ओ तुम्ही," ते म्हणाले. कौतुकानं म्हणाले. मग चहाचा कप खाली ठेवला. "पोरीचं बघू पुढं. तशी उंची जरा कमीच पडती."

घटकाभरापूर्वी ती सोनं होती.

मी पायऱ्या उतरलो. मला वाटत होतं, मी मोठं काही केलंय. हेही लिहून ठेवतो. उतरताना माझी छाती फुगली होती.

ती मैदानामागच्या नळावर ओठ धूत होती. मी हाक मारली. तिनं आधी आजूबाजूला बघितलं.

"काका, लोक बघतेत."

"बघू दे. सांगितलं मी त्यांना."

तिनं नळ बंद केला. "कधी?"

"आत्ता."

"जिंकल्यावर."

मी रुमाल पुढं केला, तो तिनं घेतला नाही.

"काल ते रिंगचं बोलले तव्हा तुम्ही बी हसले. मी ऐकलं. माझी पाठ होती, तरी कळलं. तुमचं हसणं पप्पासारखंच हाय." ओठ सुजल्यामुळं ती तिरकं तिरकं बोलत होती. "आज मी हरले असते तर सांगितलं असतं?"

मी खरं उत्तर शोधलं. सापडलं, पण तोंडातून आलं नाही. तिला ते न बोलताच मिळालं.

"आन् होस्टेल?"

"गेलं."

"ओळख दाखवू नको म्हणून सांगितलं, तव्हा मला विचारलं न्हाई. आज सांगून टाकलं, तव्हा बी विचारलं न्हाई. जागा माझी गेली, काका." मग ती आपल्या पोरींत निघून गेली. फोटो काढत होते तिकडं.

छाती जागेवर आली.

बायकोला घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. मला तर फोनवर आईसंग बी हळू बोलायची सवय लागली होती." कपाटातली मूर्ती तिनंच काढली, पुसली आणि समोरच्या खोलीत ठेवली. मला हात लावू दिला नाही.

लातूर लहान आहे. आठवड्याभरात सगळीकडं पसरलं. संचालकांनी मला काढलं नाही. फक्त हुशार पोरांची तुकडी माझ्याकडून गेली आणि नापासांची आली. वर्षानुवर्षं भाडं वेळेवर घेणारे घरमालक एका सकाळी दारात येऊन म्हणाले, "पुतण्या यायलाय ओ पुण्याहून. जागा लागती." त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली, मूर्तीवर थांबली, परत आली.

मी नांदेडला गेलो. भावासमोर बसलो, क्लासवरच्या त्या दिवसाचं स्वतःहून बोललो. तो तंबाखू मळत राहिला. "मला वाटलं तुला याद बी नसंल," एवढंच म्हणाला. मी म्हणालो, पोरीला अकरावीला माझ्याकडं ठेव. लातूरला मैदान आहे, शिकवायला मी आहे, फी मी भरतो. त्यानं माझ्याकडं न बघता सांगितलं, "तिला इचार. मला काय इचारतो."

या वेळी मी विचारलं.

ती म्हणाली, "येते. पण घर बघायला मी संगं येणार."

का, ते मला पहिल्याच घरी कळलं. मी खोल्या बघितल्या, नळाला पाणी कधी येतं ते विचारलं, भाडं ठरवलं, आणि मग निघता निघता सांगितलं. मालकाला एकाएकी जावयाची आठवण झाली. रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "काका, तुम्ही आधी त्यांना आवडून घेता. मग सांगता."

पायऱ्यांवरही मी तेच केलं होतं. आधी तिला जिंकू दिलं.

ती मला माफ केलं असं म्हणालेली नाही. मीही मागितलेलं नाही. मी घरं बघतो तेव्हा ती खाली फाटकापाशी चेंडू बगलेत धरून उभी राहते आणि ऐकते. विश्वास ठेवायला आलेली नाही, तपासायला आलीय. तिचा हक्क आहे.

आज परत निघायचंय. दार उघडेल. चप्पल काढायच्या आधी, कुणी पाणी विचारायच्या आधी, माझी नोकरी, माझं शिक्षण, माझं शुद्ध बोलणं पुढं करायच्या आधी मी एवढंच सांगणार आहे: "आम्ही बौद्ध. ही माझ्या भावाची मुलगी, आमच्याकडं राहणार. बास्केटबॉल खेळते, अंगणात चेंडू आपटेल. भाऊ येईल, कामावरच्या कपड्यांत येईल. पटत असेल तर खोल्या दाखवा. पटत नसेल तर तोंडानं नाही म्हणा. पुतण्या, जावई मधे आणू नका. 'नाही' ऐकल्याशिवाय मी दारातून हलणार नाही."